ट्रॅक्टरच्या बकेटमधलं ऑईल कारमध्ये टाकावं का? डिझेल गाडीचं इंजिन ऑईल निवडण्याची पूर्ण रीत

आमच्या भागात गोठ्याच्या कोपऱ्यात ऑईलची २० लिटरची बकेट ठेवलेली असते. ट्रॅक्टरला त्यातूनच, ओलिताच्या डिझेल इंजिनाला त्यातूनच, आणि घरी जुनी जीप असली तर तिलाही त्यातूनच. माझ्या वडिलांनी कितीतरी वर्षं असंच केलं आणि त्या जीपचं इंजिन काही बसलं नाही. त्यामुळे आम्ही सेकंडहँड बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाच्या नव्या नियमांची) डिझेल गाडी घेतली, तेव्हा तिच्या पोटातही त्याच बकेटमधलं ऑईल गेलं. एकदा नाही, लागोपाठ दोन वेळा.

गाडीची रोजची फेरी गाव ते तालुका, जेमतेम १२ किलोमीटर. आधी महिन्यातून एखाद्या वेळी डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागायचा. मग आठवड्यातून दोनदा लागू लागला, आणि एका सकाळी गाडीने चढावर ताकदच सोडली. वर्कशॉपमध्ये सायलेन्सरच्या वाटेवरचा फिल्टर उतरवावा लागला. तो राखेने भरला होता. साफ करून काम भागलं, पण नवा टाकावा लागला असता तर लाखाच्या वर गेलो असतो. सगळा दोष ऑईलचा नव्हता, छोट्या फेऱ्यांचाही वाटा मोठा होता. पण राख आली ती ऑईलमधूनच, आणि ते ऑईल आम्हीच हाताने ओतलं होतं.

त्यानंतर मी ऑईलच्या डब्यामागची बारीक अक्षरं वाचायला शिकलो. तीच रीत इथे क्रमाने सांगतो. वर्धा, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, कुठेही गाडी चालवत असाल तरी ती लागू पडेल.

पहिलं काम: गाडीला डीपीएफ आहे का, ते पाहा

बाकी सगळं यावर अवलंबून आहे, म्हणून सुरुवात इथून.

डीपीएफ म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. बाहेरून तो एक्झॉस्टच्या वाटेवरचा जाडसर डबा दिसतो आणि आत सिरॅमिकची बारीक छिद्रांची जाळी असते. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ नियम लागू झाले आणि त्यानंतरच्या डिझेल कारना हा फिल्टर आला. त्याआधीच्या बहुतेक बीएस-४ गाड्यांना तो नाही, काही महागड्या गाड्यांचा अपवाद सोडला तर.

ओळखायचं कसं? आरसीवर भारत स्टेज ६ लिहिलेलं आहे का ते बघा. चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, डॅशबोर्डवर सगळे दिवे क्षणभर पेटतात. त्यात एका डब्यात ठिपके असं चित्र दिसलं तर तो डीपीएफचा दिवा. खात्रीचा मार्ग म्हणजे गाडीसोबत मिळालेली पुस्तिका. तिच्यात डीपीएफवर वेगळं पानच असतं.

ऑईलचा याच्याशी संबंध असा. इंजिन चालताना थोडंसं ऑईल जळतंच. अगदी नव्या गाडीतही जळतं. ऑईलमध्ये झीज थांबवणारी आणि इंजिन आतून स्वच्छ ठेवणारी जी द्रव्यं मिसळलेली असतात त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्त असे धातू असतात. ते जळून संपत नाहीत, त्यांची राख होते. फिल्टरमध्ये साचलेली काजळी गाडी स्वतःच अधूनमधून ६०० अंशांच्या आसपास तापवून जाळून टाकते. राख मात्र जळत नाही. ती तिथेच बसते आणि थरावर थर चढत जातात. चुलीतलं सरपण जळून जातं आणि राख उपसावी लागते, तसंच. इथे गाडीला ती स्वतः उपसता येत नाही एवढाच फरक.

म्हणून डीपीएफच्या गाडीला कमी राखेचं ऑईल लागतं, आणि ट्रॅक्टरच्या बकेटमधलं ऑईल बहुतेक वेळा तसं नसतं. जुन्या डिझेलमध्ये गंधक जास्त असायचं. ते जळून आम्ल तयार व्हायचं आणि ते मारायला ऑईलमध्ये अशा धातूंच्या द्रव्यांचा भरणा लागायचा. बीएस-४ च्या डिझेलमध्ये गंधकाची मर्यादा १० लाख भागांत ५० होती, बीएस-६ च्या डिझेलमध्ये ती १० आहे. गंधक गेलं, त्यामुळे तो भरणाही कमी करता आला. वडिलांच्या जीपला ते ऑईल मानवलं याचं कारण हेच. जीपला राख साठवायला जागाच नव्हती आणि तेव्हाच्या डिझेलला ते ऑईल हवंही होतं.

जाता जाता एक सांगून ठेवतो. काही बीएस-६ गाड्यांना डिझेलच्या टाकीशेजारी डीईएफची, म्हणजे युरियाच्या द्रावणाची, वेगळी टाकी असते. शेतातला युरिया पाण्यात विरघळवून त्यात घालायचा विचारही करू नका. डीईएफमध्ये ३२.५ टक्के अतिशुद्ध युरिया आणि बाकी क्षाररहित पाणी असतं. आपल्या पोत्यातल्या युरियाला निंबोळी तेलाचा लेप असतो. त्याने ती सगळी यंत्रणा बाद होते.

दुसरं काम: पुस्तिकेतली ती एक ओळ शोधा

पुस्तिकेच्या शेवटाकडे तांत्रिक माहितीची पानं असतात. तिथे इंजिन ऑईलच्या पुढे एक ओळ असते. तिच्यात साधारण ३ गोष्टी लिहिलेल्या असतात: जाडीचा आकडा, दर्जाचं चिन्ह आणि किती लिटर. समजा तिथे ‘५डब्ल्यू-३०, एसीईए सी२’ असं आहे (या आकड्यांचा आणि अक्षरांचा अर्थ पुढे येतोच). तर या दोन्ही अटी पाळायच्या आहेत. नुसतं ५डब्ल्यू-३० मिळालं म्हणून काम झालं नाही, कारण ५डब्ल्यू-३० जाडीचं ऑईल जास्त राखेचंही असू शकतं आणि कमी राखेचंही. दुकानात नेमकी हीच गफलत होते. गिऱ्हाईक आकडा सांगतं, दुकानदार आकडा बघून डबा देतो, मागची अक्षरं कुणी वाचत नाही.

सेकंडहँड गाडीसोबत पुस्तिका आली नसेल तर बहुतेक कंपन्यांच्या वेबसाइटवर ती फुकट उतरवून घेता येते. मॉडेल, वर्ष आणि इंजिन नीट जुळवून घ्या. एकाच नावाच्या गाडीचं बीएस-४ इंजिन आणि बीएस-६ इंजिन यांना वेगवेगळं ऑईल लागू शकतं. पुष्कळ गाड्यांच्या ऑईल भरायच्या झाकणावरही जाडीचा आकडा छापलेला असतो, पण दर्जाचं चिन्ह तिथे नसतं. त्यामुळे झाकणावर थांबू नका.

पुस्तिकेतली ओळ मोबाइलवर फोटो काढून ठेवा. तालुक्याच्या दुकानात उभं राहून आठवण्यापेक्षा ते बरं.

तिसरं काम: जाडीचा आकडा समजून घ्या, आणि उन्हाळ्याचा धाक मनातून काढा

हा आकडा एसएई या अमेरिकन अभियंत्यांच्या संस्थेच्या मापाचा. १५डब्ल्यू-४० घ्या. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा थंड इंजिनातलं वागणं सांगतो. १५डब्ल्यूचं ऑईल उणे २० अंशांतही इंजिन फिरू देईल असं तपासलेलं असतं, ५डब्ल्यूचं उणे ३० अंशांत. नागपूरच्या कडाक्याच्या थंडीतही पारा ३-४ अंशांच्या खाली जाणं विरळा. म्हणजे इंजिन सुरू होण्यापुरतं बोलायचं तर आपल्याकडे १५डब्ल्यूही पुरेसं आहे. तरी ५डब्ल्यूचा एक फायदा उरतोच. पहाटे पहिल्या सेल्फला ते टर्बोपर्यंत, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या चक्रापर्यंत, लवकर पोहोचतं. टर्बोची दांडी मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते, आणि तिला धरणारा ऑईलचा पातळ थर जितका लवकर तयार होईल तितकं चांगलं.

नंतरचा आकडा, ३० किंवा ४०, हा गरम इंजिनातल्या जाडीचा. तो १०० अंश तापमानाला मोजतात. त्या मापात ३० ग्रेडचं ऑईल ९.३ ते १२.५ च्या दरम्यान बसतं आणि ४० ग्रेडचं १२.५ ते १६.३ च्या दरम्यान. माप सेंटिस्टोक्स नावाचं आहे, ते लक्षात ठेवायची गरज नाही. एवढं ध्यानात ठेवा की हे मोजमाप १०० अंशांचं आहे, आपल्या ४६ अंशांचं नाही.

आता उन्हाळ्याचं. दरवर्षी नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, जवळ आला की मिस्त्री म्हणतात, ‘भाऊ, हे तीसचं ऑईल त पाण्यासारखं असते. आपल्या उन्हाळ्यात जाडंच पाहिजे.’ ऐकायला पटतं. ब्रह्मपुरी, चंद्रपूर, अकोल्याला पारा ४६-४७ वर गेला की डांबर चपलेला चिकटतं, मग इंजिनातल्या ऑईलचं काय होत असेल, असं वाटणं साहजिक आहे.

पण इंजिन आपल्या आतलं तापमान स्वतः सांभाळतं. थर्मोस्टॅट आणि रेडिएटर मिळून कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) ९० अंशांच्या आसपास धरून ठेवतात, जानेवारीत आणि मे महिन्यातही. गरम झालेल्या इंजिनात ऑईल साधारण ९० ते ११० अंशांवर फिरत असतं. पिस्टनच्या रिंगांजवळ आणि टर्बोच्या बेअरिंगवर त्याहून कितीतरी जास्त. बाहेरच्या हवेत ३५-४० अंशांचा फरक पडला तरी गरम इंजिनातल्या ऑईलमध्ये त्याचा थोडाच अंश उतरतो. ज्यांनी इंजिन बनवलं त्यांनी बेअरिंगच्या फटी, ऑईल पंप, पिस्टनवर ऑईल मारणारे बारीक फवारे, टायमिंग चेनचा ताण धरणारा टेन्शनर, सगळं त्या ठरलेल्या जाडीवर बेतलेलं असतं. त्यात मनानेच २०डब्ल्यू-५० ओतलं तर ऑईल बारीक वाटांतून उशिरा पोहोचतं, सकाळी टर्बो काही क्षण कोरडा फिरतो आणि गाडी डिझेलही जास्त पिते.

ऑईलला खरा ताण ऊन देत नाही, भार देतो. परतवाड्याहून चिखलदऱ्याला गाडीभर माणसं, टपावर सामान आणि एसी लावून घाट चढा. समुद्रसपाटीपासून १,१०० मीटरच्या आसपासची ती चढण दुसऱ्या गिअरमध्ये जाताना ऑईल जेवढं तापतं, तेवढं भर उन्हात समृद्धी महामार्गावर ठरल्या वेगाने जाताना तापत नाही. म्हणून पुस्तिकेत दोन पर्याय दिले असतील, म्हणजे ५डब्ल्यू-३० चालेल किंवा ५डब्ल्यू-४० चालेल असं स्पष्ट लिहिलं असेल, आणि तुमची गाडी सतत भरलेली, घाटातली किंवा ट्रेलर ओढणारी असेल, तर ४० निवडा. मी तेच करीन. पण पर्यायच दिला नसेल तर दिलेला आकडा सोडू नका. बीएस-६ मधल्या काही इंजिनांना ०डब्ल्यू-२० सांगितलेलं असतं. ते बघून इथल्या माणसाचा जीव घाबरा होतो, हे मी पाहिलंय. इंजिन त्याच ऑईलवर बेतलेलं असेल तर तेच घाला.

आणि उन्हाळ्यात टेंपरेचरचा काटा खरंच वर चढत असेल तर जाड ऑईल हा त्यावरचा इलाज नाही. रेडिएटरची जाळी बघा. जिनिंगच्या आवारात उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या जाळीवर कापसाचे तंतू आणि धूळ मिळून नमदा बसलेला असतो, आणि बोनेट उघडून वाकून पाहिल्याशिवाय तो दिसत नाही. तो काढा, कूलंटची पातळी पाहा, पंखा लागतो का पाहा.

चौथं काम: दर्जाची अक्षरं

इथे दोन संस्था लक्षात ठेवायच्या. एक अमेरिकेची एपीआय, दुसरी युरोपातल्या गाडी उत्पादकांची एसीईए.

एपीआयच्या चिन्हात एस अक्षराने सुरू होणारा दर्जा पेट्रोल इंजिनाचा आणि सी अक्षराने सुरू होणारा डिझेल इंजिनाचा. सीच्या पुढचं अक्षर जितकं नंतरचं तितका दर्जा नवा. सीएफ आला १९९४ मध्ये, सीएच-४ आला १९९८ मध्ये, सीआय-४ आला २००२ मध्ये, सीजे-४ आला २००६ मध्ये आणि सीके-४ आला २०१६ मध्ये. पुष्कळ पेट्रोल ऑईलच्या डब्यावर शेवटी ‘/सीएफ’ असं जोडलेलं असतं आणि दुकानदार म्हणतो, ‘दोन्हीला चालते.’ सीएफ हा १९९४ चा, केव्हाच मागे पडलेला दर्जा आहे. कॉमनरेल (एका सामाईक नळीतून मोठ्या दाबाने डिझेल फवारणाऱ्या) टर्बो डिझेलला त्या दोन अक्षरांच्या भरवशावर पेट्रोलचं ऑईल घालू नका. डिझेल इंजिनात काजळी पुष्कळ तयार होते आणि ती गुठळ्या होऊ न देता तरंगत ठेवणं हे डिझेल ऑईलचं मोठं काम असतं.

सीच्या मालिकेत सीएच-४, सीआय-४, सीजे-४, सीके-४ यांपैकी नवा दर्जा आधीच्याची जागा घेऊ शकतो. पुस्तिकेत सीएच-४ लिहिलं असेल आणि तुम्हाला त्याच जाडीचं सीआय-४ किंवा सीके-४ मिळालं, तर खुशाल घ्या. उलट करू नका. एक अपवाद: एफए-४ हा वेगळा, पातळ ऑईलचा दर्जा आहे, तो कारसाठी नाही.

एसीईएची पद्धत निराळी. तिच्यात अंक वाढला म्हणून ऑईल भारी झालं असं नसतं, आणि इथे पुष्कळ जण फसतात. ए३/बी४ हे जास्त राख चालणाऱ्या, म्हणजे डीपीएफ नसलेल्या इंजिनांचं ऑईल. पुष्कळ बीएस-४ कॉमनरेल गाड्यांना ते सांगितलेलं असतं. सी२, सी३, सी५ हे फिल्टर असलेल्या गाड्यांचे दर्जे. सी२ आणि सी३ दोन्हींत राखेची कमाल मर्यादा ०.८ टक्के आहे, तर ए३/बी४ मध्ये ती १.६ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. म्हणजे दुप्पट. माझ्या फिल्टरमध्ये भरलेल्या राखेचा हिशेब मला या दोन आकड्यांत सापडला.

मग सी२ आणि सी३ मध्ये फरक काय? १५० अंशांवर, बेअरिंगमध्ये दाबलं-रगडलं जात असताना ऑईल किती जाड राहतं, याचा. सी३ ला किमान ३.५ चं माप लागतं, सी२ ला २.९ चं. सी५ त्याहूनही पातळ, २.६ ते २.९ मधलं. त्यामुळे सी५ हा सी३ पेक्षा दोन पायऱ्या वरचा समजून जुन्या इंजिनात टाकला तर त्याचं संरक्षण कमीच होईल. पुस्तिकेत जे अक्षर आणि जो अंक असेल तोच घ्या, वरखाली करायला ही शाळेची इयत्ता नाही.

यावर काही कंपन्यांचे स्वतःचे क्रमांक असतात. फोक्सवॅगन-स्कोडाच्या डीपीएफ असलेल्या डिझेलसाठी ५०७ ०० हा त्यांतला एक. असा क्रमांक पुस्तिकेत असेल तर डब्यावरही तो शोधा. डब्यावर ‘अप्रूव्हड’ लिहिलं असेल तर त्या गाडी कंपनीने ऑईल तपासून मान्यता दिलेली आहे. ‘मीट्स’ किंवा ‘सूटेबल फॉर’ लिहिलं असेल तर तो ऑईलवाल्याचा स्वतःचा दावा आहे. दावा खोटाच असतो असं नाही, पण दोन्ही डबे समोर असतील तर मी मान्यता असलेला उचलतो.

आता गोठ्यातल्या बकेटकडे परत येऊ. तिच्यावर १५डब्ल्यू-४० आणि सीआय-४ किंवा सीके-४ लिहिलं असेल, आणि तुमच्या जुन्या, डीपीएफ नसलेल्या जीपच्या पुस्तिकेत १५डब्ल्यू-४० सीएच-४ सांगितलं असेल, तर ते ऑईल त्या जीपला चालतं. वडील चुकले नव्हते. पण बकेट नीट वाचा. ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्स, हायड्रॉलिक आणि तेलात बुडालेल्या ब्रेकसाठी वेगळं ऑईल येतं, त्याची बकेट दिसायला सारखीच असते. ते कुठल्याच कारच्या इंजिनात जाता कामा नये. आणि बीएस-६ कारला ट्रॅक्टरची कुठलीच बकेट नको.

सिंथेटिक की साधं, हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त विचारला जातो आणि तो सगळ्यांत कमी महत्त्वाचा आहे. दर्जाचं चिन्ह जुळलं की ऑईल त्या गाडीसाठी पुरेसं चांगलं आहे. सी२-सी३ सारखे दर्जे गाठायला कंपन्यांना तसंही सिंथेटिक लागतं. डब्यावर मोठ्या सोनेरी अक्षरांत सिंथेटिक लिहिलं आणि मागे दर्जा जुळला नाही, तर तो डबा परत फळीवर ठेवा.

पाचवं काम: खरेदी

सुटं ऑईल घेऊ नका. पिंपातून मापाने काढून दिलेलं ऑईल काय आहे हे देणाऱ्यालाही सांगता येत नाही. डबा कंपनीचा असला तरी झाकणाची कडी आधी तुटलेली नाही ना, आतली सील सपाट आणि घट्ट आहे ना, बॅच क्रमांक आणि तारीख डब्यावर उमटवलेली आहे ना, ते बघा. पक्कं बिल घ्या. पुढेमागे वॉरंटीचा वाद झाला तर बिलावरचा ऑईलचा पूर्ण दर्जा कामी येतो, म्हणून दुकानदाराला नुसतं ‘ऑईल ५ लिटर’ लिहू देऊ नका.

तुमच्या गाडीचा दर्जा तालुक्याला मिळत नसेल, आणि एसीईएच्या सी दर्जाची ऑईलं अजून सगळीकडे ठेवत नाहीत, तर नागपूर-अमरावतीला जाणं होईल तेव्हा एका बदलीचं ऑईल, फिल्टर आणि वर एक लिटरचा डबा आणून ठेवा. सीलबंद डबा सावलीत काही वर्षं टिकतो. तो जास्तीचा लिटर डिकीत असू द्या.

वाटेत ऑईल कमी झालं आणि नेमकं मिळालंच नाही तर? तेव्हा जवळात जवळच्या दर्जाचं डिझेल इंजिन ऑईल अर्धा-पाऊण लिटर घाला आणि निघा. इंजिन ऑईलं एकमेकांत मिसळतात, फाटत नाहीत. कमी ऑईलवर चालवल्याने इंजिन जातं, थोड्या वेगळ्या ऑईलच्या मिश्रणाने एका फेरीत जात नाही. घरी आलं की लवकर बदलवून घ्या.

सहावं काम: किती किलोमीटरला बदलायचं

बऱ्याच डिझेल कारना १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते, असं सांगितलेलं असतं. त्याच पुस्तिकेत खडतर वापराचा वेगळा तक्ता असतो आणि तो कुणी उलगडून पाहत नाही. धुळीचे रस्ते, छोट्या फेऱ्या, उभ्या गाडीत बराच वेळ चालू इंजिन, डोंगराळ भाग, जास्त भार. आता आपली गाडी डोळ्यांसमोर आणा. पांदण रस्त्यावर फेब्रुवारीपासून घोट्याएवढा फुफाटा असतो. गाव ते तालुका फेरी १०-१२ किलोमीटरची. हिंगणघाटच्या मार्केटला कापसाच्या रांगेत एसी लावून दोन-दोन तास बसणं. ही गाडी खडतर वापरातलीच आहे. माझी गाडी मी ६,००० ते ७,००० किलोमीटरला बदलवतो, आणि किलोमीटर झाले नाहीत तरी वर्ष उलटू देत नाही. उभ्या गाडीतला एक तास मी ४० किलोमीटर धरतो. काटा न हलता ऑईल म्हातारं होतं ते असं.

धुळीसाठी मात्र ऑईलपेक्षा एअर फिल्टर मोठा. हवेतून आत गेलेली माती ऑईलमध्ये मिसळली की ते घासायची पेस्ट होते, मग दर्जा कितीही उत्तम असो. उन्हाळाभर दर महिन्याला फिल्टरचा डबा उघडा. फिल्टरच्या पलीकडच्या, इंजिनाकडच्या पाइपात बोट फिरवा. बोटाला माती लागली तर कुठेतरी फट आहे, ती आधी शोधा.

डीपीएफच्या गाडीत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला कुणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं. फिल्टर तापवायला इंजिन जास्तीचं डिझेल फवारतं. जाळणं पूर्ण होण्याआधीच तुम्ही गाडी बंद केली, आणि १२ किलोमीटरच्या फेरीत हे वारंवार होतं, तर त्यातलं काही डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑईलच्या चेंबरमध्ये उतरतं. ऑईल पातळ होतं आणि गेजवर (ऑईल मोजायच्या पट्टीवर) पातळी वर चढते. पातळी वाढलेली बघून आनंद मानू नका. ती खुणेच्या वर गेली आणि ऑईलला डिझेलचा वास येत असेल तर किलोमीटर न मोजता बदला. उपाय सोपा आहे: आठवड्यातून एकदा तरी मोठ्या रस्त्याला अर्धा तास एका वेगात गाडी चालवा आणि डीपीएफचा दिवा लागला असताना गाडी बंद करू नका. फिल्टर काढून पोकळ पाइप टाकून देणारे मिस्त्री भेटतात. ते कायद्याला धरून नाही, आणि तो धूर आपल्याच गावातल्या लेकरांच्या छातीत जातो.

सातवं काम: ओतताना आणि तपासताना

गाडी सपाट जागेवर, इंजिन कोमट. तळचा ड्रेन नट सोडा, पूर्ण ठिबकू द्या, वायसर नवा टाका, ऑईल फिल्टर दर वेळी नवा. जुन्या फिल्टरमध्ये जुनं ऑईल राहतं, तिथे काटकसर नको. पुस्तिकेत फिल्टरसकट किती लिटर ते दिलेलं असतं. त्याहून अर्धा लिटर कमी ओता, इंजिन मिनिटभर चालवा, बंद करून १० मिनिटं थांबा, गेज पुसून पाहा आणि मग थोडं थोडं घालत वरच्या खुणेच्या किंचित खाली आणा. ‘थोडं वर असलेलं बरं’ ही सवय डिझेलमध्ये धोक्याची आहे. जास्तीचं ऑईल क्रँक घुसळतो, फेस होतो, आणि ते इंजिनाच्या ब्रीदरच्या नळीतून हवेच्या पाइपात गेलं तर इंजिन ऑईलवरच पळत सुटतं, चावी काढली तरी थांबत नाही.

ऑईल हजार किलोमीटरमध्ये काळं पडलं म्हणून घाबरू नका. डिझेलमध्ये ते पडतंच, काजळी धरून ठेवण्याचं काम ते करतंय. काळजी करायची ती ऑईल ताकासारखं दुधाळ झालं तर (कूलंट मिसळतंय), बोटांत चोळल्यावर कचकच लागली तर (माती), किंवा डिझेलचा वास आला तर.

सेकंडहँड गाडी आणली असेल आणि आधीच्या मालकाने काय ओतलं ते ठाऊक नसेल, तर आणल्या दिवशीच योग्य दर्जाचं ऑईल आणि फिल्टर घाला, आणि पुढची बदली २,५००-३,००० किलोमीटरला करा. जुना चिखल तेवढ्यात हळूहळू निघतो. फ्लशच्या बाटल्या मी टाळतो. एकदम सुटलेला गाळ ऑईल पंपाच्या जाळीवर जाऊन बसण्याची भीती असते.

प्रत्येक बदलीनंतर तारीख, किलोमीटर, ऑईलचा पूर्ण दर्जा आणि ओतलेले लिटर एका कार्डावर लिहून ते ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा. आमच्या घरी गाडी चार जण चालवतात, आणि या कार्डामुळे गाडीसाठी पुन्हा बकेट उघडली गेली नाही.

निघालेलं काळं ऑईल नाल्यात, उकिरड्यावर किंवा विहिरीजवळ ओतू नका. बंडीच्या आसाला किंवा वाळवीसाठी दारांच्या चौकटींना ते लावायची आपल्याकडे चाल आहे. पण त्यात कर्करोगाला कारण होणारी द्रव्यं असतात, उघड्या हातांनी ते चोळत बसू नये. जुन्याच डब्यात भरून, झाकण लावून, ते मोठ्या वर्कशॉपला द्या, जिथून ते नोंदणी असलेल्या पुनर्वापर केंद्राकडे जातं. नव्या ऑईलचा रिकामा डबा भंगारात टाकण्याआधी कोयत्याने मधोमध चिरा, म्हणजे तो कुणाला पुन्हा भरून विकता येणार नाही.